आकाशाचा मक्ता

१९२२ सालच्या मे महिन्याच्या अखेरीस, इंग्लंडातील एप्सम येथे डर्बीची शर्यत पाहण्यासाठी जमलेल्या विराट जनसमुदायाच्या माना घोड्यांवरून हटून एकाएकी वर वळल्या; कारण कॅप्टन सिरिल टर्नर नावाचा वैमानिक आपल्या विमानातून पांढऱ्या धुराचा लोट सोडीत, आकाशाच्या निळ्या पृष्ठभागावर, प्रचंड अक्षरांत ‘डेली मेल’ हे वृत्तपत्राचे नाव लिहीत होता. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात त्याने न्यूयॉर्क शहरावर हाच प्रयोग करून एक दूरध्वनी क्रमांक आकाशात लिहून दाखविला, आणि भिंत, फळा व छापील कागद यांच्या पलीकडे जाहिरातीच्या धंद्याला एक नवा मुलूख सापडला आहे, हे व्यापारी जगाने ओळखले. तथापि या मुलखावरील अंमल क्षणभंगुर होता. वारा सुटला की अक्षरे विस्कटत आणि काही मिनिटांत आकाश पूर्ववत निर्मळ होई. शिवाय ज्या हवेत हा धूर सोडावयाचा ती हवा कोणत्या ना कोणत्या सरकारच्या हद्दीत मोडत असल्यामुळे, उपद्रव झालाच तर दाद कोणाकडे मागावयाची याविषयीही संदेह नसे. हवेचे आवरण जेथे विरळ होत संपते तेथे या दोन्ही गोष्टी संपतात. तेथे अक्षरे पुसणारा वारा नाही आणि कोणत्याही राज्याची हद्दही नाही.

त्या निर्वात प्रदेशात जाहिरात नेऊन टांगावी ही कल्पना व्यापाऱ्यांच्या आधी उपहासकारांना सुचली, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. व्हिलिए द लील-आदाँ या फ्रेंच लेखकाने १८८३ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या कथासंग्रहात, आकाशाचा एवढा विस्तार व्यापाराच्या उपयोगास लावण्याची योजना काढणाऱ्या एका गृहस्थाची टर उडविली. आणि आर्थर क्लार्क यांनी १९५६ सालच्या एका कथेत, चंद्रावरून सोडलेल्या सोडियमच्या चकाकत्या वाफेतून एका शीतपेयाचे नाव उमटवून अवघ्या पृथ्वीला ते वाचावयास लाविले. उपहासकाराला जे असंभाव्य वाटते म्हणून हसू येते, ते पुढे एखाद्या कंपनीच्या दफ्तरी योजना म्हणून दाखल व्हावे, असा प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात या विषयाच्या बाबतीत घडला.

येथे प्रथमच एक भेद स्पष्ट केला पाहिजे. अंतराळात केलेली प्रत्येक जाहिरात रात्रीच्या आकाशाला बाधक असते असे नाही. १९८५ साली ‘चॅलेंजर’ यानातून दोन प्रतिस्पर्धी शीतपेयांचे खास डबे अंतराळात गेले. १९९० साली तोक्यो येथील एका नभोवाणी कंपनीने आपला बातमीदार तोयोहिरो अकियामा यास सोव्हिएत संघाच्या ‘मीर’ स्थानकावर धाडले. १९९७ साली त्याच स्थानकावर वासिली त्सिब्लियेव या अंतराळवीराने इस्रायलमधील एका दुग्धसंस्थेचे दूध पिऊन दाखविले. आणि २००० सालच्या जुलैत आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाचा ‘झ्वेझ्दा’ हा भाग घेऊन निघालेल्या प्रोटॉन अग्निबाणाच्या अंगावर ‘पिझ्झा हट’चे बोधचिन्ह रंगविलेले होते. या साऱ्या जाहिराती लोकांनी पाहिल्या त्या घरबसल्या दूरदर्शन संचावर किंवा वृत्तपत्रांत. ज्यास त्या नकोशा वाटल्या त्याने संच बंद केला वा पान उलटले, आणि त्याच्या अंगणावरील नक्षत्रांत त्यामुळे काही अधिकउणे झाले नाही. प्रस्तुत विचार आहे तो दुसऱ्या जातीच्या जाहिरातीचा, म्हणजे पृथ्वीवर उभ्या असलेल्या माणसाला नुसत्या डोळ्यांनी दिसेल, आणि दिसणे टाळता येणार नाही, अशा जाहिरातीचा.

अशी जाहिरात उभारावयाची तर निसर्गनियम कोणत्या अटी घालतात ते पाहू. निरोगी डोळा जास्तीत जास्त एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, इतका सूक्ष्म कोन वेगळा ओळखू शकतो. ५०० किलोमीटर उंचीवर एका कलेने सुमारे १४५ मीटर लांबी व्यापिली जाते. आणि एक अक्षर कसेबसे वाचता येण्यास पाच कलांची उंची लागते असे धरले, तर ऐन डोक्यावर असलेले अक्षरही ७०० मीटरांहून उंच असावे लागेल. हेच अक्षर क्षितिजापासून ३० अंशांवर असताना आपल्यापासून ९०० किलोमीटरांहून दूर असते, म्हणून तेथेही ते वाचले जावे अशी अपेक्षा असल्यास आकार जवळजवळ दुप्पट करावा लागतो. सारांश, चारपाच अक्षरांचे एखादे व्यापारी नाव आकाशात लिहावयाचे म्हणजे कित्येक किलोमीटर लांबीची रचना करणे होय.

काळाची अटही तितकीच कडक आहे. ५०० किलोमीटर उंचीवरचा उपग्रह सेकंदास साडेसात किलोमीटरांहून अधिक वेगाने धावतो आणि सुमारे ९५ मिनिटांत पृथ्वीप्रदक्षिणा पुरी करतो. त्यामुळे तो थेट डोक्यावरून गेला तरी ३० अंशांहून उंच असा साडेतीन मिनिटांपेक्षा फारसा अधिक राहत नाही. शिवाय त्यास स्वतःचा प्रकाश नसतो. आपल्याकडे अंधार पडलेला आहे आणि त्याच्यावर मात्र अजून ऊन आहे, अशी स्थिती असेल तेव्हाच तो चमकतो. म्हणजे सूर्यास्तानंतरचा व सूर्योदयापूर्वीचा सुमारे दीड तास एवढाच या उंचीवर डोक्यावरून जाणाऱ्या उपग्रहाचा, आपल्या अक्षांशांपुरता, खरा बहराचा काळ. मध्यरात्री तो पृथ्वीच्या छायेत बुडालेला असतो. जाहिरातदाराच्या दृष्टीने ही अडचण नसून सोयच आहे, कारण लोक घराबाहेर असतात तीच ही वेळ.

तेजाचा हिशेब याहूनही उद्बोधक आहे. आपल्याला शुभ्र भासणारा चंद्र वस्तुतः काळसर खडकांचा असून, त्याच्यावर पडणाऱ्या सूर्यप्रकाशापैकी सरासरी १२ टक्के प्रकाशच तो परत पाठवितो. धातूचा मुलामा दिलेला, मायलर नावाच्या प्लॅस्टिकचा पातळ पडदा याच्या कित्येक पट प्रकाश परावर्तित करू शकतो. त्यामुळे अशा पडद्याचा जेवढा तुकडा दिसेल तेवढा चंद्रबिंबाच्या तेवढ्याच तुकड्याहून अधिक प्रखर असणार, आणि आरशासारखा तो नेमका आपल्याकडे वळविलेला असेल तर डोळे दिपविणारा ठरणार.

हा केवळ कागदावरचा हिशेब नाही. १९६० सालच्या ऑगस्टात अमेरिकेने सोडलेला ‘इको-१’ हा ३० मीटर व्यासाचा, चकचकीत मायलरचा फुगा रेडिओसंदेश परावर्तित करण्यासाठी होता; पण त्याचे तेज असे की १९६८ साली तो जळून नष्ट होईपर्यंत जगभर असंख्य लोकांनी तो संथपणे आकाश ओलांडताना पाहिला. आयफेल मनोऱ्याच्या १९८९ सालच्या शताब्दीनिमित्त पृथ्वीभोवती परावर्तकांचे एक प्रकाशमान कडे फिरत ठेवण्याची योजना फ्रान्समध्ये निघाली, परंतु ज्योतिर्विदांच्या विरोधापुढे ती सोडून द्यावी लागली. १९९३ सालच्या ४ फेब्रुवारीस रशियाने ‘मीर’ स्थानकाजवळ ‘झ्नाम्या’ नावाचा २० मीटर व्यासाचा परावर्तक उलगडला, तेव्हा लहान मुलाने आरशाचा कवडसा भिंतीवर नाचवावा तसा सुमारे ५ किलोमीटर रुंदीचा एक प्रकाशाचा ठिपका, पहाटेच्या अंधारात, पश्चिम युरोपापासून रशियापर्यंत सेकंदास ८ किलोमीटर वेगाने सरकत गेला. या प्रयोगामागे रशियन अभियंते व्लादिमिर सिरोम्यात्निकोव्ह यांचा हेतू उत्तरेकडील प्रदेशांतील दीर्घ रात्री उजळण्याचा होता. १९९९ साली त्यांनी केलेल्या पुढील प्रयोगात पडदा यानाच्या अँटेनात अडकून फाटला आणि तो उद्योग थांबला.

त्याच १९९३ साली अमेरिकेच्या जॉर्जिया संस्थानातील ‘स्पेस मार्केटिंग’ नावाच्या कंपनीने, अटलांटा येथे १९९६ साली भरणाऱ्या ऑलिंपिक सामन्यांचा मुहूर्त साधून, १ चौरस किलोमीटरचा मायलरचा जाहिरातफलक कक्षेत सोडण्याचा मनोदय जाहीर केला आणि तो चंद्राएवढा दिसेल असे सांगण्यात आले. वरील हिशेब लावून पाहिला तर हे विधान टिकत नाही. १ किलोमीटर रुंदीची वस्तू चंद्रबिंबाएवढी दिसण्यास ती आपल्यापासून सुमारे ११५ किलोमीटरांवर असावी लागते, आणि इतक्या खाली वातावरणाच्या घर्षणामुळे असा पडदा एक प्रदक्षिणादेखील पुरी करू शकणार नाही. ३०० किलोमीटर उंचीवर तो चंद्रबिंबाच्या साधारण एक तृतीयांश रुंदीचा दिसला असता. परंतु व्यापारी अतिशयोक्ती वजा केली तरी जे उरत होते ते पुरेसे भयावह होते. कार्ल सेगन यांच्यासारख्या ख्यातनाम शास्त्रज्ञाने या योजनेचा कठोर शब्दांत निषेध केला, प्रतिनिधिगृहात एडवर्ड मार्की यांनी तिच्याविरुद्ध विधेयक आणिले, आणि योजना बारगळली.

या वादाचे फलित म्हणजे ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या कायद्यात आलेली तरतूद. दुर्बीण किंवा अन्य उपकरणाच्या साहाय्यावाचून पृथ्वीवरील माणसास ओळखता येईल अशी अंतराळातील जाहिरात तिने ‘उपद्रवी’ ठरविली, आणि असे साहित्य वाहून नेणाऱ्या उड्डाणास परवाना देण्याची मनाई केली. अग्निबाणावर रंगविलेल्या बोधचिन्हांसारख्या निरुपद्रवी प्रकारांना मात्र मुभा ठेविली. कायदा शहाणपणाचा होता, पण त्याचा अंमल अमेरिकेच्या परवान्यापुरता, आणि उपग्रह तर सर्व देशांच्या डोक्यांवरून फिरतात. १९६७ सालच्या अंतराळविषयक आंतरराष्ट्रीय करारान्वये अंतराळाचा उपयोग हा साऱ्या मानवजातीचा अधिकार मानला गेला आहे, कोणत्याही राष्ट्रास तेथे मालकी सांगता येत नाही, आणि खाजगी कंपन्यांच्या कृत्यांची जबाबदारी त्यांना परवानगी देणाऱ्या राष्ट्रावर टाकलेली आहे. तथापि जाहिरातीचा नामनिर्देश त्या करारात कोठेही नाही. परिणामी, ज्या आकाशाचा मक्ता देण्याचा हक्क कोणालाच नाही, त्याचा मक्ता प्रत्यक्षात कोणताही एक देश आपल्या परवान्याने देऊ शकतो, अशी चमत्कारिक अवस्था निर्माण झाली आहे.

तिचा प्रत्यय पुढे आला. २०१८ सालच्या जानेवारीत न्यूझीलंडमधून ‘रॉकेट लॅब’ कंपनीने ‘ह्युमॅनिटी स्टार’ नावाचा, ६५ परावर्तक फलकांचा, सुमारे एक मीटर व्यासाचा लखलखता गोळा सोडला. त्यावर कोणाचे नाव नव्हते, मानवजातीने आकाशाकडे पाहावे एवढाच त्याचा घोषित हेतू होता. पण ज्योतिर्विदांनी तीव्र नापसंती दर्शविली, आणि अपेक्षेच्या बरेच आधी, मार्चमध्येच, तो वातावरणात शिरून नष्ट झाला. २०१९ साली ‘स्टार्टरॉकेट’ या रशियन कंपनीने छोट्या उपग्रहांना मायलरची शिडे लावून, त्यांच्या ठिपक्यांनी आकाशात अक्षरे लिहिण्याची योजना मांडली. एका शीतपेय कंपनीच्या रशियन शाखेने तीत रस दाखविल्याचे वृत्त प्रसिद्ध होताच अमेरिकेतील मूळ कंपनीने हात झटकले. २०२२ साली रशियातील काही संशोधकांनी गणिताने दाखवून दिले की, ५० किंवा अधिक लहान उपग्रहांचा ताफा आखीव रचनेत उडवून, सुमारे साडेसहा कोटी डॉलर खर्चात, अशी जाहिरात किफायतशीर होऊ शकते. जाहिरात फक्त संध्याकाळी व पहाटे, आणि मुळातच दिव्यांनी उजळलेल्या महानगरांवर दाखविली तर कोणाचे फारसे नुकसान होणार नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता.

हा युक्तिवाद वरवर सयुक्तिक दिसतो, म्हणून त्याची परीक्षा केली पाहिजे. प्रथम, शहराकडे वळविलेला परावर्तक शहराची हद्द ओलांडताक्षणी अदृश्य होतो असे नाही. वाटेत तो वळत असताना त्याच्या शिडाची, दांड्यांची व कडांची चमक शेकडो किलोमीटरांच्या पट्ट्यात दिसू शकते, आणि एखाद्या उपग्रहाचे नियंत्रण सुटले तर तो कोठे लखलखेल याची हमी कोणी देऊ शकत नाही. दुसरे असे की, संध्याकाळ आणि पहाट या वेळा ज्योतिर्विदांना टाकाऊ वाटतात ही समजूत चुकीची आहे. पृथ्वीच्या कक्षेच्या आतल्या बाजूने फिरणारे लघुग्रह सूर्यापासून फार दूर जातच नसल्याने त्यांचा शोध नेमक्या याच संधिकाळात, क्षितिजालगत, घ्यावा लागतो. आणि आपल्यावर एखादे दिवशी आदळू शकतील अशा वस्तूंची मोजदाद करणे हे काही हौसेचे काम नव्हे. तिसरे, आजच्या दुर्बिणी जुन्या दुर्बिणींप्रमाणे आकाशाच्या एका चिमुकल्या भागावर नजर रोखून बसणाऱ्या नाहीत. चिली देशात सेरो पाचोन पर्वतावर उभी राहिलेली, ८.४ मीटर व्यासाच्या आरशाची रूबिन वेधशाळा ३२० कोटी बिंदूंच्या कॅमेऱ्याने दक्षिणेकडील आकाश वारंवार टिपणार आहे. अशा कॅमेऱ्यावरून एक तेजस्वी वस्तू सरकली तर तिच्या रेघेखालचा भाग तर वाया जातोच, पण अतिप्रकाशामुळे चित्राच्या इतर भागांतही तिच्या खोट्या प्रतिमा उमटतात.

चंद्रदेखील वेधांत व्यत्यय आणतोच, मग या नव्या प्रकाशाने काय बिघडले, असा प्रश्न येथे कोणी करील. चंद्राचा व्यत्यय पंचांगात आगाऊ छापलेला असतो. वेधशाळांचे वेळापत्रक त्यामुळेच शुक्ल व कृष्ण पक्षांच्या आधाराने आखलेले असून, अत्यंत अंधुक दीर्घिकांचे काम अमावास्येच्या आगेमागे, आणि तेजस्वी ताऱ्यांचे काम पौर्णिमेच्या सुमारास, अशी व्यवस्था असते. जाहिरातदार मात्र अमावास्येची काळोखी रात्र टाळणार नाही, उलट तीच निवडील, कारण पार्श्वभूमी जितकी काळी तितकी अक्षरे ठळक. ज्योतिर्विदाचे हित आणि जाहिरातदाराचे हित येथे एकाच अंधारावर टपलेले आहे.

हा अंधार आधीच विपुल राहिलेला नाही. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या प्रकाशप्रदूषणाच्या जागतिक नकाशानुसार मानवजातीपैकी एक तृतीयांशाहून अधिक लोकांना आपल्या राहत्या ठिकाणाहून आकाशगंगेचा पट्टा दिसत नाही. आणि जगभरच्या ५१,००० निरीक्षणांवर आधारलेल्या, २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने असे दाखविले की, आकाशातील कृत्रिम उजेड दरसाल सरासरी ९ ते १० टक्क्यांनी वाढत आहे. परंतु जमिनीवरच्या दिव्याला एक मर्यादा आहे, ती म्हणजे त्याच्यापासून दूर जाता येते. ज्यास काळे आकाश हवे तो लडाखमधील हान्ले येथे, सुमारे ४,५०० मीटर उंचीवर, जाऊ शकतो; २०२४ सालच्या जानेवारीत भारतातील पहिले ‘डार्क स्काय पार्क’ म्हणून मान्यता पावलेल्या, महाराष्ट्रातील पेंच व्याघ्र प्रकल्पातही जाऊ शकतो. गावातील दिवे झाकून, खांबांना टोप्या घालून जो काळोख अशा ठिकाणी परिश्रमाने राखला जातो, त्याच्यावरूनच कक्षेतील फलक फिरणार; आणि त्याला टोपी घालण्याचा अधिकार गावाला नाही, जिल्ह्याला नाही, प्रसंगी देशालाही नाही.

आता या प्रश्नाच्या गाभ्याकडे वळू. अमेरिकेच्या कायद्याने दोष पाहिला तो जाहिरातीच्या ओळखू येण्यात. पण वेधशाळेच्या कॅमेऱ्याला अक्षरओळख नसते, त्याला बाधते ते केवळ तेज. २०१९ सालच्या मे महिन्यात ‘स्टारलिंक’ या संदेशवहन-जाळ्याचे पहिले ६० उपग्रह आकाशात रांगेने चालताना लोकांनी पाहिले, आणि पुढे त्यांची संख्या हजारोंवर गेली; त्यांवर कोणतीही जाहिरात नाही, म्हणून त्या कायद्याला त्यांच्याशी कर्तव्य नाही. २०२२ साली सोडलेल्या ‘ब्लूवॉकर-३’ या उपग्रहाची ६४ चौरस मीटरांची अँटेना उलगडल्यावर तो कधी कधी प्रश्वा ताऱ्याच्या तोडीचा तेजस्वी दिसला. तोही जाहिरात नव्हे. २०२५ साली ‘रिफ्लेक्ट ऑर्बिटल’ या अमेरिकन कंपनीने १८ मीटरांचा आरसा कक्षेत नेऊन रात्री जमिनीवर सूर्यप्रकाश पाडण्यासाठी परवानगीचा अर्ज केला. तो तर प्रकाशच विकू पाहतो, अक्षरे नाहीत. सारांश, ज्या फलकाच्या भयाने कायदा झाला तो फलक अद्याप लागलेला नाही, आणि ज्या उजेडाचे भय खरे होते तो दुसऱ्या दाराने आत आला आहे.

तरीही जाहिरात आणि इतर उपग्रह यांना एका मापाने मोजणे न्यायाचे होणार नाही. संदेशवहनाच्या उपग्रहाचे तेज हा त्याच्या कामाचा आनुषंगिक दोष असतो. तो कमी केला तर काम बिघडत नाही. म्हणूनच ‘स्टारलिंक’च्या चालकांना काळा लेप देऊन, पुढे सूर्यप्रकाश अडविणारी पडदी लावून उपग्रह मंद करण्याचे प्रयोग करता आले, आणि ज्योतिर्विदांना सातव्या प्रतीहून अंधुक, म्हणजे नुसत्या डोळ्यांना न दिसण्याइतके मंद राहण्याची मागणी त्यांच्यापुढे ठेवता आली. जाहिरातीच्या बाबतीत तडजोडीची ही वाट मुळातच बंद आहे, कारण तेज हाच तिचा माल आहे. जी अंधुक झाली ती विकली जाणार नाही. २०२४ साली अमेरिकन ज्योतिर्विद संघटनेने अशा उपद्रवी जाहिरातींवर सर्व राष्ट्रांनी बंदी घालावी अशी भूमिका घेतली, तिच्यामागील तर्क हाच म्हणावयास हरकत नाही.

यास्तव इष्ट नियम कोणता, याचे उत्तर फारसे अवघड नाही. मजकूर काय आहे, तो कोणाचा आहे, तो वाचता येतो की नाही, या प्रश्नांत शिरण्याचे परवाना देणाऱ्या अधिकाऱ्यास कारण नसावे. कक्षेत जाणारी वस्तू आपल्या नित्याच्या स्थितीत अमुक एका प्रतीहून अधिक तेजस्वी दिसता कामा नये, एवढीच अट उड्डाणापूर्वी घातली जावी, आणि ती पाळली जाते की नाही हे जगातील कोणत्याही वेधशाळेस, किंबहुना साध्या दुर्बिणीच्या हौशी मालकासही, मोजून पाहता यावे. असा नियम संदेशवहनाला मारक होत नाही, कारण ते मंद राहूनही चालते. आणि जाहिरातीचे नाव न घेताही तिला तो आपोआप वगळतो. अंतराळविषयक स्वतंत्र कायदा अद्याप न झालेल्या आपल्या देशात खाजगी उड्डाणांना अनुमती देण्याचे काम २०२० साली स्थापन झालेल्या ‘इन-स्पेस’ या संस्थेकडे आहे, आणि नियम नव्याने लिहिले जात असतानाच त्यांत असे एक कलम घालणे, पुढे हजार उपग्रह वर गेल्यावर तक्रारी करण्यापेक्षा सोपे आहे. मात्र एकट्या भारताने किंवा एकट्या अमेरिकेने ते घालून भागणार नाही. उपग्रहाच्या मार्गात सरहद्द नसते. तेव्हा ज्या राष्ट्रांनी १९६७ साली अंतराळ साऱ्यांचे म्हणून मान्य केले, त्यांनीच ते उजळण्याची मर्यादाही एकत्र बसून ठरविली पाहिजे, आणि ती ठरेपर्यंत नुसत्या डोळ्यांना दिसावे याच हेतूने बनविलेल्या वस्तूस कोणीही परवाना देऊ नये.